खांबेट्यांच्या रेडिएटरला वात झाला

गुरुनाथ खांबेट्याने मिनियापोलिसमध्ये जुनं घर घेतलं, तेव्हा शहराबाहेरच्या ईडन प्रेरी उपनगरातल्या झाडून साऱ्या मराठी मंडळींनी त्याच्या बायकोचं सांत्वन केलं. अभिनंदन कोणी केलं नाही. त्यांच्यातल्या यामिनीने तर मीनाक्षीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "होतं गं असं. या वयात पुरुषांना काहीतरी होतं. काही जण मोटरसायकल घेतात."

मंडळींचं तरी काय चुकलं म्हणा. ईडन प्रेरीत घरं नवी, गॅरेजं ऐसपैस, आणि भिंतीतल्या जाळीतून गरम वारा इतक्या गुपचूप येतो की बाहेर थंडी आहे हे फोनवर बघून कळतं. खांबेट्यांच्या घरात मात्र प्रत्येक खिडकीखाली एकेक बिडाचा रेडिएटर ठाण मांडून बसला होता. कमरेइतका उंच, अंगभर वेलबुट्टी, आणि वजन एवढं की मागच्या कुठल्याच मालकाची तो हलवायची छाती झाली नव्हती. तळघरात बॉयलर पाणी तापवणार, पंप ते पाणी नळ्यांतून घरभर फिरवणार, आणि हे लोखंडी देह तापून खोल्या उबदार करणार, अशी सगळी व्यवस्था. "आमच्या घराला रक्ताभिसरण आहे," असं गुरुनाथ पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे मान डोलवायचे, पण अंगातला कोट काढायचे नाहीत.

गुरुनाथचा मात्र त्या रेडिएटरांवर जीव होता. या देशात सगळं काही भिंतीच्या आत असतं. ऊब कुठून येते, पाणी कुठून येतं, कशाचाच पत्ता लागत नाही. रेडिएटर समोर दिसतो. त्याला पाठ टेकून चहा पिता येतो. एकुलती एक कन्या रुचा त्याला पाय लावून गृहपाठ करायची. मीनाक्षी नावं ठेवायची, पण दह्याचं विरजण आणि इडलीचं पीठ तीही मुकाट्याने रेडिएटरवरच नेऊन ठेवायची. भर हिवाळ्यात ईडन प्रेरीत पीठ दगडासारखं बसून राहायचं आणि खांबेट्यांकडे ते पातेल्याचं झाकण उचलून बाहेर बघायचं. हे ती मंडळींत कबूल करत नसे, ती गोष्ट वेगळी.

ऑक्टोबरात पहिली थंडी पडली आणि रेडिएटर बोलायला लागले. आधी बैठकीच्या खोलीतला ठकठकला, मग त्याला वरच्या मजल्यावरच्याने उत्तर दिलं. शिवाय सगळे खालून गरम आणि वरून गार. गुरुनाथने कुंपणापलीकडच्या नॉर्मला विचारलं. नॉर्म हा शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, आजन्म मिनेसोटाचा. जगातल्या कुठल्याही संकटावर तो एकच शेरा मारायचा, "यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं." एकदा वादळात त्याच्याच छपरावर झाड पडलं, तेव्हाही त्याने तोच मारला होता.

"हवा शिरलीय," नॉर्म म्हणाला. "प्रत्येक रेडिएटरच्या कडेला एक बारका स्क्रू असतो. तो किल्लीने किंचित सैल कर, हवा सोड, पाणी आलं की बंद. याला ब्लीड करणं म्हणतात. सोप्पं आहे."

'सोप्पं आहे' या शब्दांनी जगात जेवढी घरं बुडवली असतील तेवढी पुरानेही बुडवली नसतील. गुरुनाथने बारकी किल्ली आणली, दोन व्हिडिओ पाहिले आणि शनिवारी सकाळी बाही सारून बसला. स्क्रू 'किंचित' फिरवायचा होता. पण आपल्याकडे एखादी गोष्ट सैल करायची म्हणजे ती पूर्ण काढून, पुसून, फुंकर मारून परत लावायची, अशी रीत आहे. त्याने स्क्रू पूर्ण काढला. स्क्रू उडाला आणि लाकडी फरशीच्या फटीत गडप झाला. रेडिएटरने आधी लांबलचक सुस्कारा सोडला आणि मग डांबरासारख्या काळ्या पाण्याची चिळकांडी थेट समोरच्या भिंतीवर मारली. गुरुनाथने अंगठा भोकावर दाबून धरला. आता अंगठा काढता येईना आणि जागेवरून उठता येईना.

नेमकी त्याच वेळी रुचा नाशिकच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती.

"रुचा, मम्माला बोलव! पळ!" गुरुनाथ ओरडला.

"आजी, होल्ड ऑन," रुचा म्हणाली. "बाबा इज ब्लीडिंग द रेडिएटर अँड ही कान्ट मूव्ह." पळता पळता तिने फोनचा कॅमेरा भिंतीकडे फिरवला, आणि त्या फोनला शोभेल अशा अचूक वेळी त्याची बॅटरी संपली.

नाशिकला पोचलं ते असं: बाबा इज ब्लीडिंग, कान्ट मूव्ह. सोबत भिंतीवरून ओघळणारा काळपट पाट.

फोन चार्ज करून मीनाक्षीने उलट लावला तोपर्यंत तिच्या आईने देव पाण्यात ठेवले होते आणि वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, तिकीटवाल्याला गाठलं होतं. मीनाक्षीने शपथा घेऊन सांगितलं की रक्त रेडिएटरचं होतं, जावई ठणठणीत आहे. "जावयाची तब्येत लपवू नकोस," त्र्यंबकराव म्हणाले. गुरुनाथला कॅमेऱ्यासमोर उभं करून दोन्ही हात हलवून दाखवायला लावलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. "चेहरा उतरलाय," सासूबाईंनी निदान केलं. शेवटी 'बर्फ बघायची फार इच्छा आहे' असं कारण जाहीर होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे मिनेसोटाचे लोकच मिनेसोटा सोडून पळतात त्या दिवसांत, सासू-सासरे दाखल झाले.

त्र्यंबकराव नाशिकच्या एका सहकारी बँकेत हेड कॅशियर होते. नोकरी सुटली तरी तिजोरी डोक्यातून उतरली नव्हती. झोपण्याआधी घराची फेरी मारून कड्या, कुलपं, दिवे, नळ सगळं ओढून-पिळून बघितल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. जावयाची प्रकृती उत्तम आहे हे पाहून त्यांनी आपला मोर्चा खऱ्या रोग्याकडे वळवला. प्रत्येक रेडिएटरवर तळहात ठेवून, डोळे मिटून ते वैद्यासारखे उभे राहिले.

"डोकं गार, पाय गरम, पोटात गुरगुर," ते म्हणाले. "जावईबापू, हा वात आहे."

"नॉर्मसुद्धा तेच म्हणाला, बाबा. हवा शिरलीय."

"त्याला इंग्रजीत कळलं, मला मराठीत."

"थोडा ओवा घालून बघा की पाण्यात," सासूबाई शालीच्या आतून म्हणाल्या. त्या चेष्टा करत होत्या की नाही, हे गुरुनाथला शेवटपर्यंत कळलं नाही.

भोकात तात्पुरतं ठोकलेलं बूच काढून, नवा स्क्रू लावून, या वेळी किंचितच फिरवून, गुरुनाथने सगळ्या रेडिएटरांचा वात काढला. ठकठक थांबली, डोकी गरम झाली. त्या संध्याकाळी त्याने स्वतःच्याच घरात सत्कारमूर्तीसारख्या चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बर्फ झालं होतं.

सगळे रेडिएटर थंडगार. स्वयंपाकघरात खोबरेल तेलाचा दगड. सासूबाई स्वेटर, शाल, कानटोपी आणि दोन जोड मोजे अशा थाटात सोफ्यावर बसल्या होत्या, आणि त्र्यंबकराव शेजारी चहा पीत होते. गुरुनाथ तळघरात धावला. बॉयलर विझलेला. त्याने पान्याने नळीवर दोनदा ठोकलं, बॉयलरवरचं लाल बटण दाबलं, आणि काय चमत्कार, आत फुर्र करून ज्योत पेटली. दुपारपर्यंत घर गरम झालं. त्यापुढच्या सकाळी पुन्हा बर्फ, पुन्हा दोन ठोके, पुन्हा बटण, पुन्हा फुर्र. चार-पाच दिवसांत गुरुनाथची खात्रीच पटली की आपल्या हाताला गुण आहे. पण ज्या घराला रोज सकाळी वैद्य लागतो ते घर निरोगी म्हणता येत नाही, हेही त्याला कळत होतं.

त्याचं दुःख आणखी एका कारणाने जास्त होतं. गुरुनाथ कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टीमचा प्रमुख होता. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्याने घर घेतलं होतं, आणि त्याच घरातली चूक त्याला सापडत नव्हती.

"रूट कॉज काय आहे?" देवदत्तने फोनवर विचारलं. देवदत्त म्हणजे यामिनीचा नवरा. ईडन प्रेरीत बसून तो कोणत्याही विषयावर मत देऊ शकत असे. "यार, तू पेशंटला व्हेंटिलेटरवर ठेवलंयस. सगळं रिप-आउट कर. मी बघ, ऑफिसातून फोनवर टेम्परेचर सेट करतो."

मेकॅनिक आला तो भर दुपारी. बॉयलर तेव्हा असा गुणी बाळासारखा चालत होता की गुरुनाथला त्याचा राग आला. मेकॅनिकने कान लावून ऐकलं, मीटर बघितलं, आल्याचा चहा घेतला, चिवडाही घेतला. "मशीन फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला. "रात्री काय होतं मला माहीत नाही. मी दिवसा येतो." जाता जाता रिकाम्या हाताने जायला नको म्हणून त्याने छताला टांगलेल्या एका लोखंडी टाकीकडे बोट दाखवलं. पाणी तापून फुगलं की त्याला जागा द्यायला ती टाकी असते. ती जुनी झालीय, बदलून घ्या, म्हणाला.

टाकी बदलायची तर सिटीचं परमिट हवं. गुरुनाथने वेबसाइटवर अर्ज भरला. उत्तर आलं की सिटीच्या दप्तरी तुमच्या घरात कोळशाचा बॉयलर आहे. तो काढल्याची नोंद नाही, सबब आधी त्याचं काय ते बघा.

गुरुनाथने फोन केला. पलीकडची बाई अत्यंत गोड होती. अशा बाईशी भांडताही येत नाही.

"बाई, तो बॉयलर माझ्या जन्माच्याही आधी गेलाय."

"असेल ना, सर. फक्त तो नाही याचा पुरावा पाठवा."

"नसलेल्या वस्तूचा पुरावा कसा पाठवणार?"

"ती जिथे नाही, त्या जागेचा फोटो चालेल."

तळघराच्या कोपऱ्यात जिथे तो बॉयलर नव्हता, तिथे गुरुनाथने फोटो काढून पाठवला. चार दिवसांनी शेरा आला: फोटोत इंधनाची पोती दिसत आहेत. ती पोती बासमतीची होती. इंडियन स्टोअरच्या सेलमध्ये मीनाक्षीने ती एकदम उचलली होती. 'तांदूळ हे इंधनच आहे, पण माणसांचं,' असं उत्तर गुरुनाथने लिहिलं आणि मीनाक्षीने ते पुसायला लावलं. तळघराची बाकी जमीन ओलसर होती, म्हणून पोती पाहुण्यांच्या खोलीत हलवावी लागली. "सातासमुद्रापलीकडे लेकीकडे आले ते रेशनच्या दुकानात झोपायला," सासूबाई म्हणाल्या. नवा फोटो मंजूर झाला. सोबत बारीक अक्षरात सूचना होती: भिंतीतून जुन्या नळीचं तोंड बाहेर आलं आहे, ते बुजवणे. गुरुनाथने ते बुजवलं नाही. सगळ्याच सूचना पाळायच्या तर मग माणसाचा स्वाभिमान कुठे राहिला?

टाकी बदलली. इन्स्पेक्टर येऊन सही करून गेला. त्र्यंबकरावांना हा इन्स्पेक्टर फार आवडला. त्याने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं होतं. "असा माणूस पाहिजे," ते म्हणाले. "बँकेत ऑडिटला असे यायचे."

आणि पुढच्या सकाळी घर पुन्हा बर्फ.

त्या दिवशी मीनाक्षीचा धीर सुटला. ओरडली नाही, हेच वाईट. कणीक मळता मळता शांतपणे म्हणाली, "गुरू, आई रात्री तीन गोधड्या घेते. मला लाज वाटते रे. संक्रांतीचं हळदीकुंकू या वर्षी आपल्याकडे आहे, रविवारी. सगळ्या येणार. त्या दिवशी एका जरी बाईने अंगात कोट ठेवून वाण घेतलं, तर सोमवारी तो माणूस येईल."

"कोण माणूस?"

"रेडिएटर उचलून नेणारा. मी अपॉइंटमेंट घेतलीय. तो सगळं काढणार आणि भिंतीतून गरम हवा सोडणार. देवदत्तनेच दिला नंबर."

गुरुनाथने बैठकीतल्या रेडिएटरकडे बघितलं. त्याला पाय लावून रुचा गणितं करत होती. बिडाच्या वस्तूसाठी रडणं मध्यमवर्गीय माणसाला शोभत नाही, म्हणून तो अंगणातला बर्फ काढायला निघून गेला. नॉर्मला त्याने सगळं सांगितलं. नॉर्मने बराच विचार केला. "यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं," तो म्हणाला. मग फावड्यातला बर्फ झटकत, "पण फार नाही."

रविवार उजाडला तो हाडं गोठवणारा. बाहेर नाकातला श्वाससुद्धा कडकड वाजत होता. गुरुनाथने सकाळचा चहा होताच तळघर गाठलं, दोन ठोके दिले, बटण दाबलं, वर मनातल्या मनात नवसही बोलला. बारा वाजेपर्यंत घर असं झकास तापलं की सासूबाईंनी कानटोपी काढली. हे डिसेंबरनंतर प्रथमच घडत होतं. सासूबाईंनी आणि मीनाक्षीने सकाळपासून खपून गुळाच्या पोळ्या केल्या. त्र्यंबकराव तिळगुळाच्या पुड्या बांधून इतके दमले, की स्वयंपाक आटोपल्यावर, कधी नव्हे ते, दुपारचे जरा आडवे झाले.

चारच्या सुमारास, गाडी चालवून आणणाऱ्या नवऱ्यांसह, बायका यायला लागल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने आणि वर पायघोळ कोट. गुरुनाथ दारात उभा राहून स्वतः कोट उतरवून घेत होता. एकेक कोट आतल्या पलंगावर नेऊन टाकताना त्याला विजयी सेनापतीसारखं वाटत होतं. कोटांचा ढीग छातीपर्यंत आला. यामिनीने तर कोट देताना "अय्या, इथे छानच उबदार आहे की," असं म्हटलं. ते वाक्य देवदत्तच्या कानावर पडावं म्हणून गुरुनाथने तिला "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारलं.

साडेपाचला त्याला पहिली शंका आली. दीपाने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. मग कोणीतरी आत जाऊन शाल आणली. मग यामिनी उठली आणि परत आली ती कोट घालून. गुरुनाथ पलंगाजवळ गेला. ढीग कमरेवर आला होता. त्याने रेडिएटरवर हात ठेवला. आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा लावला, आणि ते कपाळ कोमट होतं.

तो तळघराच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरला. नळीवर दोन ठोके दिले, बटण दाबलं. काही नाही. चार ठोके. काही नाही. आपल्या हाताचा गुण गेला, असं त्याला वाटलं. ज्योत का लागत नाही म्हणून तो बॉयलरपासून गॅसची पिवळी नळी हाताने चाचपत मागे मागे गेला. आणि भिंतीजवळ, दिव्याचा उजेड पोचत नाही अशा जागी, त्या नळीवरचा कॉक आडवा होता.

बंद.

मागे पायऱ्यांवर चपला वाजल्या. त्र्यंबकराव उतरत होते. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात अर्धा प्यायलेला चहा.

"जावईबापू, तुम्ही इथेच आहात, बरं झालं. मला एक कळेना म्हणून आलो. हा चहा कसा झाला?"

"म्हणजे, बाबा?"

"दुपारी आडवा होताना मी गॅसचा कॉक बंद केला होता. उठल्यावर या गडबडीत उघडायचाच राहिला. आणि मघाशी बघतो तर शेगडीवर चहा उकळतोय!"

गुरुनाथने कॉककडे बोट दाखवलं. "तुम्ही... रोज बंद करता?"

"न चुकता," त्र्यंबकराव अभिमानाने म्हणाले. "रात्री झोपताना बंद, सकाळी चहाच्या आधी चालू. आल्या आल्या शोधून काढला. तुम्ही हुशार माणसं, पण गॅसच्या बाबतीत अगदी बेफिकीर. लेकीचं घर, नात वर झोपलेली. कॉक उघडा ठेवून मला झोप कशी लागावी?"

शेगडी विजेची होती. तिचा आणि या नळीचा काडीचा संबंध नव्हता. या नळीवर जळत होता तो एकटा बॉयलर, आणि गेला दीड महिना हा प्रेमळ म्हातारा रोज रात्री स्वतःच्या हाताने घर विझवून वर जात होता, आणि तीन गोधड्यांखाली कुडकुडणाऱ्या बायकोशेजारी निर्धास्त झोपत होता.

खरं सांगायचं तर गुरुनाथच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते एक वाक्य बोललं की रेडिएटर निर्दोष सुटणार, देवदत्तचं तोंड बंद होणार आणि सोमवारचा माणूस येणार नाही. त्याने तोंड उघडलंही. पण समोर त्र्यंबकराव गार झालेला चहा हातात धरून, उत्तराची वाट बघत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपण या घरासाठी काहीतरी करतो आहोत याचं समाधान होतं. परक्या देशात, जिथे त्यांना टीव्हीसुद्धा लावता येत नव्हता, तिथे हा एक कॉक त्यांचा होता.

"नळीत उरला असेल गॅस," गुरुनाथ म्हणाला. "त्यावर झाला चहा."

"हां! नळीत राहतो थोडा," त्र्यंबकरावांना पटलं.

गुरुनाथने कॉक उभा केला, बटण दाबलं, आणि फुर्र झालं. तेवढ्यात पायऱ्यांच्या वरच्या टोकाला देवदत्तचं डोकं आलं. त्याच्यामागे आणखी दोन डोकी होती.

"काय रे, गेला शेवटी तुझा बॉयलर?"

"नाही," गुरुनाथ म्हणाला. "कॉक बंद होता. दुपारी साफसफाई करताना माझ्याकडूनच बंद झाला."

देवदत्तच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "यार, क्वालिटीचा हेड!" तो धावतच बैठकीत गेला. गुरुनाथ वर पोचेपर्यंत बातमी तिळगुळाच्या आधी सगळ्यांच्या हातावर पडली होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "गोड गोड बोला," कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. गुरुनाथने कान लाल करून तिळगूळ घेतला.

मीनाक्षी एकटीच हसत नव्हती. तिने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"तू बंद केलास?"

"हो."

"गुरू, आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली. तू आजवर या घरातली कुठली गोष्ट बंद केलीयस? बाथरूमचा दिवा तरी?"

मीनाक्षीने दारातून बैठकीकडे पाहिलं. तिथे तिचे बाबा तिळगुळाला आलेल्या नॉर्मला वात, पित्त आणि कफ समजावून सांगत होते. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. तिने कपाळाला हात लावला आणि ओट्याला टेकून ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

"लहानपणी रोज रात्री तेवढंच ऐकून झोपायचो आम्ही," ती म्हणाली. "'कॉक बंद केला, झोपा आता.' ते ऐकलं की कशाचीच भीती वाटायची नाही. मला आधी सुचायला हवं होतं. त्यांना काही बोललास?"

"नाही."

मीनाक्षीने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"पण मी हरलो," गुरुनाथ प्रामाणिकपणे म्हणाला. "यामिनीने कोट घालून वाण घेतलं."

"यामिनीचा कोट नवीन आहे. ती तो उन्हाळ्यातही घालेल," मीनाक्षी म्हणाली, आणि तिने फोन काढून सोमवारची अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

आता प्रश्न होता रात्रीच्या फेरीचा. त्यावरचा उपाय गुरुनाथला सोमवारी सुचला, आणि तो त्याच्या आयुष्यातला एकमेव दुरुस्तीचा उपाय ठरला जो पहिल्या फटक्यात जमला. हार्डवेअरच्या दुकानातून त्याने पिवळ्या मुठीचा एक चकचकीत पितळी कॉक आणला आणि कोळशाचा बॉयलर जिथे नव्हता त्या कोपऱ्यात, भिंतीतून बाहेर आलेल्या त्या मेलेल्या नळीच्या तोंडावर घट्ट बसवला. त्यातून काही येत नव्हतं आणि त्यात काही जात नव्हतं.

"बाबा, नवीन नियम आलाय," त्याने सांगितलं. "त्या जुन्या कॉकला आता हात लावायचा नाही. रात्री बंद करायचा मेन कॉक हा."

"इन्स्पेक्टरने सांगितलं?"

"हो."

"मग प्रश्नच मिटला," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी कॉक आडवा-उभा करून पाहिला. मूठ मऊ फिरत होती. "हा चांगला आहे. तो जुना जरा अडकायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बिनमोज्याच्या पायांनी स्वयंपाकघरात आल्या. घर उबदार होतं. रेडिएटरवरचं इडलीचं पीठ पातेल्यातून उतू जाऊन खाली आलं होतं. त्र्यंबकरावांनी चहाचा घोट घेतला आणि समाधानाने घरभर नजर फिरवली.

"बघा जावईबापू," ते म्हणाले. "योग्य तो कॉक बंद केला की घर कसं राहतं!"

श्रेय त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारलं. नॉर्मला सांगितलं, नाशिकला फोन करून सांगितलं, देवदत्तलाही सांगितलं. देवदत्तने ईडन प्रेरीतल्या आपल्या घरी त्यांना खास बोलावून कॉक कुठे आहे ते शोधायला लावलं. फेब्रुवारीत यामिनी एकदा डोशाच्या पिठाचं पातेलं घेऊन दारात उभी राहिली. "आमच्याकडे फुगत नाही गं," ती म्हणाली. "तुमच्या रेडिएटरवर रात्रभर राहू दे ना." गुरुनाथने ते पातेलं दोन्ही हातांनी, मानाचं वाण घ्यावं तसं घेतलं.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला तेव्हा सासू-सासरे परत निघाले. विमानतळावर त्र्यंबकरावांनी जावयाला बाजूला घेतलं.

"आता कॉकची जबाबदारी तुमची," ते म्हणाले. "मीनूला नाही लक्षात राहणार."

त्या रात्री गुरुनाथला झोप लागेना. कूस बदलून झाली, पाणी पिऊन झालं. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. शेवटी तो उठला, अंधारातच तळघरात उतरला, रिकाम्या कोपऱ्यात गेला आणि तो पिवळा कॉक आडवा केला. ओढूनही बघितला. शेजारी बॉयलर फुर्र करत घर तापवत होता.

तो वर येऊन पांघरुणात शिरला तेव्हा मीनाक्षी झोपेतच कुशीवर वळली.

"कॉक बंद केला?"

"केला."

"मग झोप आता," ती म्हणाली, आणि तो झोपला.